अमेरिकेची कॅसेट, नाशिकचा व्हीसीआर: दोन मशीन जोडावीत की एकच पुरे?

बारशाची ती कॅसेट आत्याने १९९४ साली न्यू जर्सीहून पाठवली होती. भाड्याने आणलेल्या व्हीसीआरमध्ये घातली, तर चित्र खालून वर सरकत राहिलं आणि पाळणा म्हणणाऱ्या बायकांचे आवाज रेंगाळत, घोगरे येऊ लागले. आजी म्हणाली, "तिकडची हवा लागली असेल कॅसेटला." मग ती फडताळात गेली ती गेलीच.

गेल्या महिन्यात सिडकोतल्या मित्राने नेमकं हेच विचारलं. घरात एक व्हीसीआर आहे, गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात दुसरा मिळतोय. दोन्ही जोडून अमेरिकेची कॅसेट आपल्या पद्धतीत उतरवता येईल का? की सरळ कॉम्प्युटरवर घ्यावी? मी या सगळ्या वाटांनी जाऊन आलोय, काही ठिकाणी तोंडावर पडूनही.

आपल्याकडची टीव्ही-व्हीसीआरच्या चित्राची पद्धत पाल: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका आणि जपानची एनटीएससी: ५२५ रेषा, सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं. कॅसेटचा डबा तोच, फीत तीच अर्ध्या इंचाची, म्हणून माणूस फसतो. पाल मशीनमध्ये हेडचा ड्रम (फीत वाचणारं आणि लिहिणारं फिरतं चाक) मिनिटाला १५०० फेरे घेतो, एनटीएससीत सुमारे १८००. फीतही आपल्याकडे सेकंदाला २३.३९ मिलिमीटर सरकते, तिकडे ३३.३५. घोगऱ्या आवाजाचं कोडं तिथेच सुटतं: आमचं मशीन ती फीत तिच्या चालीपेक्षा हळू ओढत होतं.

आता पहिली वाट, दोन व्हीसीआर आणि मधे नुसती पिवळी-पांढरी पिन. त्यातला एक मल्टिसिस्टिम, म्हणजे पाल आणि एनटीएससी दोन्ही चालवणारा असला (आखाती देशांतून आलेल्या सामानात असे पुष्कळ आले) तर तो एनटीएससी कॅसेट आपल्या टीव्हीवर छान दाखवतो. मग वाटतं, टीव्हीला जे पटलं ते दुसऱ्या व्हीसीआरलाही पटेल. इथेच मी एक अख्खी रविवार दुपार घालवली. मल्टिसिस्टिम मशीन फक्त रंग पालसारखा करून देतं; रेषा ५२५ आणि सेकंदाला ६० अर्धचित्रं (एक चित्र दोन अर्ध्या भागांत येतं) तशीच राहतात. टीव्ही ते चालवून घेतो. रेकॉर्ड करणाऱ्या साध्या पाल मशीनच्या ड्रमला मात्र त्या तालावर फिरता येत नाही.

आणि गंमत अशी की रेकॉर्डिंग चालू असताना काहीच कळत नाही. दुसरा व्हीसीआर आत आलेलं चित्र तसंच टीव्हीकडे ढकलत असतो, त्यामुळे पडद्यावर सगळं झकास. मी चहा घेत दीड तास पाहत बसलो. मग रिवाइंड करून लावलं, तर नुसते पट्टे आणि उड्या मारणारं चित्र. म्हणून कुठलीही जोडणी करा, आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करा, मागे घ्या, बघा, मगच पुढे जा. एवढं केलं असतं तर माझा रविवार वाचला असता.

दोन्ही मशीन मल्टिसिस्टिम असतील आणि दुसरं एनटीएससीत रेकॉर्ड करणारं असेल, तर नक्कल होते. पण ती पुन्हा एनटीएससीच. घरातल्या जुन्या पाल मशीनला त्याचा उपयोग शून्य.

दुसरी वाट म्हणजे मधे खरा कन्व्हर्टर. एक तर वेगळा डबा, नाहीतर ज्याच्या पोटातच कन्व्हर्टर आहे असा व्हीसीआर: सॅमसंगचा एसव्ही-५०००डब्ल्यू, आयवाचा एचव्ही-एमएक्स१००, पॅनासॉनिकचा एजी-डब्ल्यू१. ही मशीन प्रत्येक चित्र आधी स्मृतीत साठवतात आणि दुसऱ्या पद्धतीच्या मापाने बाहेर काढतात. काम चोख होतं, पण किंमत मोजावी लागते. एनटीएससीवरून पालवर येताना सेकंदाला साधारण पाच चित्रं गळतात, उलट जाताना तेवढी पुन्हा दाखवावी लागतात. पाटावर बसलेल्या नवरा-नवरीत फरक दिसत नाही. वरातीत कॅमेरा गर्दीवरून फिरला की बारीक हिसके जाणवतात. शिवाय व्हीएचएसची, म्हणजे या घरगुती कॅसेटची, नक्कल मुळात अर्धी पुसटच असते. ही मशीन शोधणं हा वेगळाच उद्योग. नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. जे मिळेल ते जुनं, रबर कडक झालेलं.

तरी ही वाट मी एकदा मुद्दाम घेतली. आत्याकडे टीव्ही आणि व्हीसीआर एकाच पेटीत असलेलं मशीन आहे, आणि तिला कॅसेट ढकलून बटण दाबायचं एवढंच जमतं, किंवा तेवढंच आवडतं. तिला दादाच्या लग्नाची कॅसेट हवी होती. तुमच्याकडेही असं कुणी असेल तर लांबीचा हिशेब आधी करा. आपली ई-१८० कॅसेट पालमध्ये तीन तास चालते. तीच फीत एनटीएससी मशीनमध्ये जोरात पळते आणि दोन तासांच्या जरा पुढे जाऊन संपते. तीन तासांचं लग्न एका कॅसेटमध्ये मावत नाही. आमचं सप्तपदीपाशी तुटलं. दुसरी कॅसेट जोडावी लागली.

बाकी सगळ्यांना मी तिसरी वाटच सांगेन: एनटीएससी चालवणारा एक चांगला व्हीसीआर, एक यूएसबी कॅप्चर डोंगल (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरात घेणारी छोटी डबी) आणि कॉम्प्युटर. इथे फॉरमॅट बदलायचा प्रश्नच मिटतो. मोबाइल आणि नवा टीव्ही २५ चित्रंही दाखवतो, ३० ही. कॅसेट आहे तशी एनटीएससीतच उतरवायची, ७२० बाय ४८० ठिपक्यांत. खोड एकच: सॉफ्टवेअर बहुधा पालवर सेट असतं. ते एनटीएससीवर न्या, आणि व्हीसीआरच्या मागे किंवा मेनूत एनटीएससी ३.५८ चा पर्याय असेल तर तो निवडा, नाहीतर चित्र काळंपांढरं येईल. स्वस्त डोंगल जुन्या फितीच्या थरथरत्या चित्रात गडबडतात आणि तासाभरात ओठ आणि आवाज वेगळे पडतात. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करून घेतले की निभतं.

कॉलेज रोड भागात एका स्टुडिओला मी एक कॅसेट दिली होती. पेन ड्राइव्हवर परत आली तेव्हा सगळे पाहुणे रुंद झाले होते: चौकोनी चित्र ताणून पूर्ण पडदाभर केलेलं. कुणाला द्यायचीच असेल तर दोनच गोष्टी विचारा, एनटीएससी मूळ रूपात उतरवता का आणि चित्र ४:३ ठेवता का. समोरचा गोंधळला तर कॅसेट परत घ्या.

मशीन घेण्याआधी कॅसेटची खिडकी उजेडात धरून बघा. आपल्या पावसाळ्यानंतर फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. तशी फीत घातली तर बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर मुंग्या येतात. नाशिकची कोरडी थंडी या कामाला उत्तम, फक्त गार पडलेली कॅसेट खोलीत तासभर ठेवून मग लावा.

मित्राने बुधवारचा तो व्हीसीआर घेतला नाही. घरचं मशीन उघडून मागचं स्विच पाहिलं, तर ते मल्टिसिस्टिमच निघालं; सोळा वर्षं कुणी ते स्विच हलवलंच नव्हतं.