मुलीच्या शाळेची लायब्ररी : साडेतीन स्टार, आणि उरलेला दीड कुठे गेला ते

पहिलंच सांगते, हा रिव्ह्यू मिक्सरचा नाही की हॉटेलचा नाही, माझ्या मुलीच्या शाळेतल्या लायब्ररीचा आहे. ॲडमिशन घेताना आपण ग्राउंड बघतो, टॉयलेट बघतो, बस कुठे थांबते ते चारदा विचारतो आणि लायब्ररीच्या दारावरून "अरे वा, लायब्ररी पण आहे" म्हणत पुढे जातो. मीही तेच केलं होतं. आता मुलगी तिसरीत आहे, तीन वर्षं त्या खोलीतून पुस्तकं घरी येतायत, आणि त्या खोलीबद्दल कुणी चकार शब्द लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. लांबलंय, समजून घ्या.

खोली एका वर्गाएवढीच. पण कपाटं मुलांच्या छातीइतकी उंच, म्हणजे मला वाकावं लागतं, त्यांना नाही. कपाटांना दारं नाहीत. आमच्या शाळेत लायब्ररी म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीतलं काचेचं कपाट, आतली पुस्तकं दिसायची, किल्ली कुणाकडे असते ते कुणालाच माहीत नसायचं. इथे पुढच्या रांगेतली पुस्तकं पाठ करून उभी नसतात, कव्हर समोर ठेवून मांडलेली असतात, आणि बरोबरच आहे ना, ज्याला अजून धड वाचता येत नाही तो कण्यावरचं बारीक नाव काय वाचणार, तो चित्र बघून हात घालतो. मागच्या रांगांना मात्र नंबर आहेत, मोठ्या लायब्ररीत असतात तसेच, ड्यूईचे, म्हणजे पुस्तकाच्या विषयावरून दिलेले. मला आधी वाटलं पहिलीच्या पोरांना कशाला हे दशांश चिन्हाचे आकडे, उगाच शोबाजी.

तर झालं असं की माझी मुलगी पहिलीत असताना शार्कचं एक पुस्तक घेऊन आली. फोटोंचं, मोठं, एका पानावर नुसता जबडा. पुढच्या आठवड्यात परत तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. चौथ्यांदा आलं तेव्हा मी वैतागले, म्हटलं अगं दुसरं काही नाही का तिथे, आणि वर लायब्ररीच्या बाईंनाही डायरीत लिहून पाठवलं की कृपया वेगळं पुस्तक द्यावं. बाईंचं उत्तर डायरीत एका ओळीत आलं : "ती अजून ते पुस्तक वाचतेय." मला तेव्हा जरा लागलं, खोटं कशाला बोलू. मग एकदा तिच्या शेजारी बसून बघितलं तर पहिल्या वेळी ती नुसती दात मोजत होती आणि आता चौथ्या वेळी फोटोखालची ओळ बोट ठेवून वाचत होती, अडखळत, पण वाचत होती, कारण त्या ओळीत काय असणार हे तिला आधीच माहीत होतं. तेच तेच पुस्तक वाचण्यात हाच फायदा असतो, गोष्ट ओळखीची झाली की डोकं शब्दांसाठी मोकळं होतं. मोठ्यांना ते कंटाळवाणं वाटतं कारण आपल्याला शब्द वाचायचे कष्ट पडत नाहीत.

आणि नंबरांचं म्हणाल तर शार्कचा नंबर ५९७.३, हा तिला घरच्या फोन नंबरच्या आधी पाठ झाला. आम्ही एकदा मोठ्यांच्या सार्वजनिक लायब्ररीत गेलो होतो, माझं काम होतं, ही माझा हात सोडून गायब. शोधतेय तर ५०० च्या रांगेत उकिडवी बसलेली, समोर शार्क. "आई, इथे पण ५९७.३ लाच आहेत!" मेल्विल ड्यूईने ही पद्धत १८७६ साली काढली, आजही जगातल्या कितीतरी लायब्रऱ्या तीच वापरतात, म्हणून सहा वर्षांच्या मुलीला अनोळखी लायब्ररीत कुणालाही न विचारता स्वतःची वस्तू सापडली. शोबाजीचा शब्द मी मागे घेते.

आता बाईंबद्दल. आठवड्यातून एक तास मिळतो त्यांना प्रत्येक वर्गाचा, म्हणायला तास, असतात पस्तीस मिनिटं. त्यातली पहिली दहा-बारा मिनिटं त्या मोठ्याने वाचून दाखवतात, पहिलीलाच नाही, चौथीलासुद्धा. एका पालकांनी मीटिंगमध्ये विचारलं की आता यांना वाचता येतं, मग वाचून कशाला दाखवायचं. रास्त प्रश्न आहे तसा. पण या वयात मुलांना ऐकून जेवढं समजतं तेवढं स्वतः वाचून समजत नसतं, स्वतः वाचताना अर्धी ताकद अक्षरं जुळवण्यात जाते, म्हणून त्यांच्या वाचनापेक्षा एक पायरी वरची गोष्ट कानातून आत जाते आणि मग तसली पुस्तकं आपणही वाचावीत असं वाटायला लागतं. बाई काही फार भारी वाचत नाहीत हां, राक्षसाचा आणि आजीचा आवाज एकच काढतात. पण एक लबाडी करतात. ऐन रंगात आलेल्या पानावर थांबतात, पुस्तक मिटतात, टेबलावर ठेवतात आणि रजिस्टर उघडून "चला, कुणाला काय न्यायचंय" म्हणतात. ते पुस्तक त्या दिवशी कोण नेणार यावरून मी दोन मुलांची झटापट माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

दुसरी गोष्ट जी मला फार आवडली ती म्हणजे पुस्तक अर्धवट परत केलं तर चालतं. "का नाही संपवलंस" असं विचारत नाहीत, "कुठे कंटाळा आला" असं विचारतात. हा प्रश्न मला स्वतःला कुणी विचारला असता तर मी आणखी बरंच काही वाचलं असतं कदाचित. असो.

पुस्तकं जुनी आहेत, ही तक्रार बरेच पालक करतात आणि ती खरी आहे. ग्रहांचं एक पुस्तक आहे त्यात नऊ ग्रह आहेत. मुलीने घरी येऊन नऊ म्हणून सांगितलं, तिच्या बाबांनी आठ म्हणून सांगितलं, रडारड, छापलंय म्हणजे खरंच असणार. पुढच्या आठवड्यात ती ते पुस्तक घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी पुस्तक काढून टाकलं नाही, तिलाच एक चिठ्ठी लिहायला लावली आणि त्या पानावर चिकटवली : "हे पुस्तक छापलं तेव्हा प्लूटो ग्रह होता. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी ठरवलं की तो बटुग्रह आहे." खाली तिचं नाव आणि इयत्ता. आता त्या पुस्तकाला डिमांड आहे, कारण सगळ्यांना आपापली चिठ्ठी लावायची आहे. तरी पण, बाई हुशार आहेत म्हणून शाळेने नवीन पुस्तकं घेऊच नयेत असं होत नाही ना. विज्ञानाची पुस्तकं शिळी होतात, ती बदलायलाच हवीत.

आता स्टार कापले ते.

मागच्या वर्षी वरून कुणाच्या तरी डोक्यातून आलं आणि वर्गाबाहेर तक्ता लागला, एक पुस्तक वाचलं की नावापुढे एक चांदणी. पहिल्या आठवड्यात काय उत्साह! दुसऱ्या आठवड्यात माझी मुलगी शार्कला विसरली आणि दहा-दहा पानांची पुस्तकं आणायला लागली. मी विचारलं तर म्हणे, "आई, जाड नको, जाडात पण एकच चांदणी मिळते." पंधरा दिवसांत अकरा चांदण्या आणि एकाही पुस्तकातलं धड काही आठवेना. बी.एड.ला शिकलेला एक प्रयोग तेव्हा आठवला, परीक्षेनंतर पहिल्यांदाच. १९७३ चा, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा. बालवाडीतली चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली, काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणीचं सर्टिफिकेट देऊ, काहींना न सांगता शेवटी दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंगीत पेन नुसते ठेवले तर बक्षिसाच्या बोलीवर काढलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ त्यांच्याशी खेळली. आवडीचं काम होतं, त्याची ड्यूटी झाली. मी हे सगळं मीटिंगमध्ये सांगितलं, थोडं जास्तच जोरात सांगितलं, तक्ता दोन महिन्यांनी उतरला. त्या जागी आता एक दोरी आहे, मुलं कपड्यांच्या चिमट्याने चिठ्ठ्या लावतात, "हे वाच, यात कुत्रा मरत नाही" असल्या. मुलांनी मुलांना सांगितलेलं जेवढं चालतं तेवढं आपलं कुणाचं चालत नाही.

तक्ता गेला पण रंगीत ठिपके राहिले. सोप्या पुस्तकांना लाल, मग पिवळा, मग हिरवा, आणि ज्याला जो रंग त्याने तोच न्यायचा. बाई स्वतः पाच बोटांची युक्ती शिकवतात, कुठलंही पान उघडायचं, न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पाचही दुमडली तर पुस्तक सध्या जड आहे. आणि जड असूनही आवडलं तर न्यायचं, चित्रं बघायची, घरी कुणाला तरी वाचायला लावायचं. हे छान आहे, कारण ठरवतं मूल. ठिपका मात्र कण्यावर असतो, सगळ्यांना दिसतो. मुलीच्या वर्गातला एक मुलगा पुस्तक नेताना अंगठा नेहमी कण्याच्या एकाच जागी ठेवतो, मला आधी कळेना का, मग लक्षात आलं, लाल ठिपका झाकतो. अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेचासुद्धा पुस्तकांवर अशी लेव्हलची लेबलं लावायला विरोध आहे, नेमक्या याच कारणासाठी. अर्धा स्टार यासाठी गेला.

पूर्ण एक स्टार गेला वेळेसाठी. परीक्षा आली, गॅदरिंगची प्रॅक्टिस आली, कुणी बाई रजेवर गेल्या, की पहिला बळी लायब्ररीचा तास. आणि मोठ्या सुट्टीच्या दोन आठवडे आधी सगळी पुस्तकं परत मागवतात, स्टॉक मोजायचा असतो म्हणे. म्हणजे ज्या दिवसांत मुलांना खरोखर लोळून वाचायला वेळ आहे तेव्हा पुस्तकं शाळेत कुलपाआड आणि मुलं घरी टीव्हीसमोर. मोजा की, पण शाळा सुरू झाल्यावर मोजा.

तिच्या बाबांचा प्रश्न असतो की या सगळ्याने मार्क वाढतात का. त्यांच्यासाठी एवढंच, की २००० सालच्या पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेत, पंधरा वर्षांच्या मुलांची असते ती, असं दिसलं की आईवडिलांची नोकरी साधी पण वाचनाची मनापासून आवड असलेली मुलं, आईवडील मोठ्या हुद्द्यावर असूनही न वाचणाऱ्या मुलांपेक्षा वाचनात पुढे होती. आवडीमुळे वाचन सुधारलं की वाचता येतं म्हणून आवड लागली याचा गुंता सुटत नाही त्यातून, हेही खरंच. बाबा "हं" म्हणाले.

एक राहिलंच. मध्यंतरी दप्तरात पाण्याची बाटली सांडली आणि लायब्ररीचं पुस्तक फुगून दुप्पट झालं. मुलगी रात्रभर झोपली नाही, मी दंड भरायच्या तयारीने गेले. बाईंनी पुस्तक हातात घेतलं, पानं पंख्यासारखी उघडून टेबलावर उभं केलं, ओल्या पानांमध्ये टिपकागद घालायला मुलीलाच बसवलं आणि सांगितलं उन्हात ठेवायचं नाही, वाळलं की वजनाखाली दाबायचं. कोपऱ्यात एक खोका आहे, त्यावर लिहिलंय "दवाखाना", फाटकी पुस्तकं त्यात जातात आणि चौथीची मुलं ती चिकटवतात. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. बाईंच्या टेबलामागे तो हाताने लिहून लावलाय, मी तीन वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. ते पुस्तक अजून थोडं वाकडंच आहे, पण इश्यू होतं.

अपडेट : हे लिहून ठेवलं होतं आणि काल नोटीस आली. या सुट्टीत प्रत्येक मुलाला पाच पुस्तकं घरी नेता येतील, पालकांची सही लागेल. अर्धा स्टार परत देतेय, एकूण चार. शार्क धरून पाच न्यायची की शार्क सोडून पाच, यावर घरात चर्चा चालू आहे. ठिपके अजून तसेच आहेत.