क्रूझ छान, पण सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही हे बुकिंगच्या आधी विचारा

मागच्या सप्टेंबरात आई, नवरा आणि मी ग्रीसची सात दिवसांची क्रूझ करून आलो, अथेन्सजवळच्या पिरेयसहून निघून परत तिथेच. जहाजाबद्दल तक्रार नाही, केबिन स्वच्छ, आणि व्हेज आहोत म्हटल्यावर वेटर रोज रात्री दुसऱ्या दिवशीचं जेवण विचारून जायचा. तरी साडेतीन स्टार देतेय ते सँटोरिनीच्या दिवसामुळे.

एजंटने दिलेल्या कागदावर सँटोरिनीपुढे बारीक अक्षरात 'टेंडर' छापलेलं होतं, त्याचा अर्थ ना त्याने सांगितला ना आम्ही विचारला. अर्थ असा की जहाज बाहेर पाण्यात उभं राहणार आणि तुम्ही छोट्या बोटीतून किनाऱ्याला जाणार. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, आम्हाला हे आदल्या रात्री कळलं!!

आपल्याकडे बंदरात मोठं जहाज येत नाही म्हटलं की गाळ, उथळ पाणी, ओहोटी हेच डोक्यात येतं, मलाही तेच वाटलं होतं. इथे बरोबर उलटं आहे. साधारण ३,६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट होऊन बेटाचा मधला भाग खचला आणि त्यात समुद्र शिरला, त्यामुळे काठाला सरळ उभे कडे आणि पाणी काही ठिकाणी ३०० मीटरहूनही खोल. नांगर टाकणार कुठे? म्हणून बरीच जहाजं इंजिन आणि बाजूचे थ्रस्टर (जहाज आडवं सरकवणारे पंखे) चालू ठेवून जागेवर धरून ठेवतात. कड्याखालच्या जुन्या बंदराचा धक्का एवढासा, तिथे एवढं मोठं धूड लागणं शक्यच नाही. आणि खोल आहे म्हणजे सगळीकडे सुरक्षित असंही नाही, २००७ मध्ये 'सी डायमंड' नावाचं क्रूझ जहाज याच खाडीत काठाजवळच्या खडकावर आपटून बुडालं, दोन प्रवासी कधीच सापडले नाहीत.

आई मात्र बोट बघून शांत. म्हणाली, अगं हे आमच्या मालवणसारखंच, भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने यायचो तेव्हा खडकांमुळे आगबोट बाहेरच थांबायची आणि पडावात उतरायचं, आजोबा मला काखेत धरून खाली द्यायचे.

जहाजाच्या खालच्या दारापाशी बोट लाटेबरोबर हातभर वर हातभर खाली होत होती. खलाशाने आईचे दोन्ही दंड धरले आणि थांबवून ठेवलं, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, बोट दाराच्या बरोबरीला आली तशी म्हणाला 'नाऊ' आणि आईने पाय टाकला. मागे एवढी रांग होती पण त्याने जराही घाई केली नाही, त्या माणसाला पाच स्टार.

खाली उतरल्यावर वर कड्यावरच्या 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कार, नाहीतर जवळपास ६०० पायऱ्या, नाहीतर गाढवं (उन्हात त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत, बसू नका प्लीज). त्या दिवशी आमच्यासकट चार जहाजं होती, केबल कारच्या रांगेत सव्वा तास गेला, सावली नाही, आईला कठड्यावर टेकवून आम्ही आळीपाळीने उभे राहिलो. आता बेटावर दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा ठेवलीय म्हणे, पण तेवढ्यांनाही चढायचं त्याच कड्यावर.

म्हणून सांगते, आईवडिलांना नेणार असाल तर प्रत्येक बंदरापुढे 'डॉक' आहे की 'टेंडर' ते एजंटकडून लिहून घ्या. व्हीलचेअर असेल तर जास्तच, लाटा असल्या की टेंडरमध्ये घेत नाहीत. जहाजाचीच बसची टूर घेतली तर बऱ्याचदा टेंडर अथिनिओस या बेटावरच्या दुसऱ्या बंदराला सोडतं आणि बस थेट वर नेते, महाग पडतं पण वर जाताना रांग नाही. आम्हाला हे माहीत असतं तर तीच घेतली असती.

परतताना वारा वाढला होता आणि बोट चांगलीच हलत होती. दारात सकाळचाच खलाशी होता, त्याने हात पुढे केला पण तो 'नाऊ' म्हणायच्या आत आई लाट बघून बरोबर आत आली.