मफल फर्नेसमध्ये निकेल-अल्युमिना: काही महिने वापरल्यानंतर

भट्टी साधीच: सिरॅमिक फायबरचं चेंबर, के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी), रॅम्प-सोक प्रोग्रॅम (ठरलेल्या वेगाने तापवणं, मग ठरलेल्या तापमानावर थांबणं) घेणारा पीआयडी कंट्रोलर, म्हणजे तापमान आपोआप सांभाळणारा. काम एकच, गॅमा-अल्युमिना या सच्छिद्र पावडरवर चढवलेल्या निकेलचं कॅल्सिनेशन, म्हणजे हवेत तापवून निकेलच्या मिठाचं ऑक्साइड करणं. तेवढ्याला ती पुरते, पण खोक्यातून काढली आणि लावली असं करू नका.

थर्मोकपल मागच्या भिंतीपाशी आहे. डिस्प्ले ४५० अंश दाखवतो तेव्हा दाराजवळचं क्रुसिबल (नमुना तापवायचं भांडं) वीसेक अंशांनी मागे असतं. दुसरा थर्मोकपल थेट क्रुसिबलमध्ये घालून फरक मोजा, आणि क्रुसिबल दर वेळी मधोमधच ठेवा. मूळ सेटिंगवर १५० अंशांखाली मिनिटाला २ अंशांचा रॅम्प पाळला जात नाही, तापमान उसळून पुढे जातं. ऑटोट्यून (कंट्रोलरने आपली सेटिंग स्वतः जुळवणं) रिकाम्या चेंबरवर न करता नेहमीचा माल ठेवून करा.

रॅम्पचा एवढा आग्रह नायट्रेटमुळे. १० टक्के निकेलचा १० ग्रॅम कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) म्हणजे ९ ग्रॅम अल्युमिना आणि ४.९५ ग्रॅम निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट. अल्युमिना ग्रॅममागे ०.५ मिली पाणी पीत असेल, तर हे निकेलचं मीठ थोड्या पाण्यात विरघळवून द्रावण एकूण ४.५ मिली करा. ४.५ मिली पाणीच ओतलं तर द्रावण जास्त होतं आणि पावडरचा चिखल होतो. ११० अंशांवर रात्रभर वाळवलं तरी नायट्रेट तसंच राहतं. ते भट्टीत फुटतं आणि तपकिरी धूर निघतो. इथेच या भट्टीची खरी मर्यादा आहे. हवा खेळत नाही, धूर आणि वाफ पावडरवरच रेंगाळतात, निकेल ऑक्साइडचे कण फुगतात. म्हणून उभट क्रुसिबलऐवजी पसरट ‘बोट’ (होडीसारखं उथळ भांडं), थर ३-४ मिलीमीटरचा, भट्टीचं वरचं भोक उघडं, ३०० अंशांवर तासभर थांबा, मग ४५० वर ४ तास. भट्टी एक्झॉस्टखालीच हवी. ७००-८०० पर्यंत चढवलंत तर निळसर स्पिनेल (निकेल-अल्युमिनेट) बनतो आणि तो हायड्रोजनमध्ये सहजी रिड्यूस होत नाही, म्हणजे त्यातून निकेल धातू सुटत नाही.

छतातून फायबरचे कण गळतात. अल्युमिना-सिलिकाच असल्याने ते नमुन्यात मिसळले तरी पटकन ओळखू येत नाहीत. म्हणून बोटीवर झाकण तिरकं ठेवा. घट्ट बसवलंत तर धूर पुन्हा कोंडतो. दाराच्या बिजागऱ्यांना गंज चढलाय, तो याच धुराने. क्लोराइडची मिठं मात्र या भट्टीत अजिबात नकोत: हायड्रोजन क्लोराइड हीटिंग वायर खातो, आणि क्लोराइड पुढच्या नमुन्यात उतरायची भीती वेगळीच.

कण बारीक हवेत आणि बॅच ५ ग्रॅमच्या आतली असेल, तर हेच पैसे हवेचा प्रवाह सोडता येणाऱ्या ट्यूब फर्नेसवर (नळीच्या भट्टीवर) घाला.