कोलुमेलाचा मातीविषयक सल्ला : सीना नदीकाठच्या शेतात दहा महिने वापरल्यानंतर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन शेतकऱ्याने शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. तो मूळचा स्पेनमधील कादिझचा. ‘जमीन म्हातारी झाली, म्हणून पिकत नाही’ हे त्या काळचे मत त्याने ठामपणे खोडून काढले आणि दोष जमिनीच्या वयाचा नसून आपल्या हेळसांडीचा व खत न देण्याचा आहे, असे सांगितले. हे वाचून मी गेल्या चैत्रात त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर विकत घेतले.

खड्डा काढून तीच माती परत भरावी, माती उरली तर जमीन सकस आणि खड्डा भरला नाही तर हलकी, ही त्याची परीक्षा आमच्याकडे निरुपयोगी ठरली. उन्हाळ्यात आमच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, तिची ढेकळे पोकळ बसतात आणि माती सगळीकडेच उरते. चवीची परीक्षा मात्र खरी निघाली. सर्वांत नावडत्या भागातील ढेकूळ गोड्या पाण्यात कालवून, ते पाणी गाळून चाखावे, असे तो सांगतो. कॅनॉलच्या बाजूच्या सखल तुकड्यातील पाणी जिभेला स्पष्ट खारट लागले आणि पुढे माती परीक्षणाच्या अहवालातही तेथील क्षार जास्त आले. (रासायनिक खत किंवा औषध पडलेल्या रानात ही परीक्षा कोणी करू नये.)

सर्वांत मोठा लाभ शेणखतात झाला. ताज्या आणि जुन्या खताचे दोन वेगळे खड्डे असावेत, तळातून ओल झिरपू नये, वर झाकण असावे, वर्षभर मुरलेले खतच धान्याला घालावे, कारण त्याचा कस टिकतो आणि त्यातून तण उगवत नाही, असे तो लिहितो. शेतात खताचे पुंजके टाकून ते पंधरा-वीस दिवस उन्हात ठेवण्याची आमच्या घरची जुनी रीत मी मोडली आणि जेवढे खत त्याच दिवशी कुळवून मातीआड होईल तेवढेच पसरले. यंदा मालदांडी ज्वारीच्या खुरपणीला मजूर कमी लागले आणि कणसेही भरदार आहेत. त्यात चांगल्या पावसाचा वाटा किती, हे मात्र मला वेगळे काढता येत नाही.

वद्य पक्षातच खत टाकण्याचा त्याचा नियम मी पाळला नाही. नत्र-स्फुरदाचा हिशेब त्याच्याकडे मिळणे शक्यच नव्हते, त्यामुळे माती परीक्षणाला पर्याय म्हणून हा ग्रंथ घेऊ नये.

त्याचा चुलता खडीच्या रानात चिकणमाती आणि चिकण रानात खडी टाकून उत्तम पीक घेत असे. ते वाचून येत्या उन्हाळ्यात माळावरच्या मुरमाड एकरात तलावाचा गाळ टाकण्याचे मी ठरवले आहे.