अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस: गोळी सोडायला न लावणारी श्रद्धा

दारूचे व्यसन आणि नैराश्य या दोन्ही आजारांशी एकाच वेळी झुंजताना ज्या सेवेने मला सावरले, त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी सभांमधून एकमेकांना आधार देणाऱ्या संस्थेविषयी चार वर्षांच्या अनुभवानंतर हे लिहीत आहे.

त्याआधी, केवळ श्रद्धेने बरे करू असे सांगणाऱ्या एका निवासी केंद्रात मी राहून आले होते. देवावर खरा विश्वास असेल तर गोळ्या कशाला हव्यात, असे विचारून तिथे माझे नैराश्यावरचे औषध बंद करायला लावले, आणि सहा आठवड्यांत मी अंथरुणातून उठेनाशी झाले. त्यामुळे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या पहिल्याच सभेत ‘परमेश्वर’ हा शब्द कानी पडला, तेव्हा मी दाराजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसले. परंतु दारूमुक्तीसाठी संस्थेने आखलेल्या बारा पायऱ्यांच्या वाचनात त्या शब्दाला ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशी जोड होती. कोणी आपल्या देवाला शरण जात होते, तर कोणी समोर बसलेल्या समूहालाच आपल्याहून मोठी शक्ती मानत होते, आणि यावरून कोणी कोणाशी वाद घालत नव्हते.

बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे ही चळवळ सुरू झाली. दारू सुटल्यानंतरही विल्सन अनेक वर्षे तीव्र नैराश्याने ग्रासलेले होते, हे कळल्यावर मला रडू आले. कारण मन आजारी राहिले म्हणजे माझी श्रद्धाच कमी पडली, हे ओझे मी तोवर वाहत होते.

एका रात्री अडीच वाजता, घरात दारू नसतानाही तिचा वास येतो आहे असे वाटून मी माझ्या स्पॉन्सर ताईंना, म्हणजे मला वाट दाखवणाऱ्या अनुभवी सभासदांना, फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “रात्रीची गोळी घेतलीस का गं?” घेतली नव्हती. पाण्याचा घोट मी गिळेपर्यंत त्या फोनवर थांबल्या, मग आम्ही दोघींनी मिळून प्रार्थना म्हटली, आणि सकाळी डॉक्टरांना भेटण्याचे त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतले. सभासदाने डॉक्टर होऊ नये, असे संस्थेच्या साहित्यातही स्पष्ट म्हटले आहे.

सभासदत्वाला शुल्क नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले आणि या सभांशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार संपूर्ण दारूमुक्ती टिकवण्यात इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस आढळले. तरीही हे रुग्णालय नव्हे, हे ध्यानात ठेवावे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो, म्हणून सभेआधी डॉक्टरांना गाठावे. नैराश्यावरचा उपचारही इथे होत नाही. तो घेत राहण्याचे बळ मात्र मिळते. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो, तेव्हा एका सभेवरून मत बनवू नये. मला माझा गट तिसऱ्या प्रयत्नात सापडला.

कुटुंबीयांसाठी ॲल-ॲनॉनच्या स्वतंत्र सभा असतात. माझी आई तिथे नेमाने जाते. ती तिथे काय बोलते, हे मी विचारत नाही. परतल्यावर मात्र ती माझी कपाटे तपासत नाही.