लेखकांचा क्रम: योगदानानुसार की वर्णानुक्रमे?

शोधनिबंधावर लेखकांची नावे छापण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. जीवशास्त्रात आणि वैद्यकात क्रम योगदानानुसार लागतो: प्रयोग करून मसुदा लिहिणारा पहिला आणि प्रयोगशाळेचा प्रमुख बहुधा शेवटचा. गणितात मात्र आडनावांचा वर्णानुक्रम पाळतात, कारण चर्चेतून घडलेल्या सिद्धतेत कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड असते.

पहिल्या पद्धतीत नवोदित संशोधकाचे श्रम नजरेत भरतात आणि नेमणुकीच्या वेळी मोजलेही जातात; परंतु मधल्या नावांना फारसे कोणी विचारत नाही आणि पहिल्या स्थानावरून वाद होतात, विशेषतः क्रम काम संपल्यावर ठरवला तर. वर्णानुक्रमात हा वाद उद्भवत नाही. मात्र ही प्रथा रूढ असलेल्या अर्थशास्त्रात आद्याक्षराचा फायदा-तोटा होतो, ही तक्रार जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते.

नाव मुळात कोणाचे असावे, हा प्रश्न दोन्ही पद्धतींत उरतोच. १९४८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमो यांनी एका निबंधावर आपले विद्यार्थी आल्फर यांच्या आणि स्वतःच्या नावांमध्ये सहकारी भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांचे नाव निव्वळ ग्रीक अक्षरांची (अल्फा, बीटा, गॅमा) गंमत म्हणून घातले होते!

लहान गटासाठी मी योगदानाचा क्रमच निवडेन, पण तो काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवून आणि प्रत्येकाची भूमिका निबंधातच नोंदवून. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. तिथे वर्णानुक्रमाशिवाय गत्यंतर नाही.