आवडते लेखन चुकू नये यासाठी: आरएसएस फीड, ईमेल वार्तापत्र की व्हॉट्सॲप चॅनेल?

मी वाचतो त्या मराठी ब्लॉगांपैकी एक जुन्या नाण्यांविषयी आहे. त्याचे लेखक वर्षातून तीन-चारच लेख लिहितात आणि मध्ये सात-आठ महिने सहज निघून जातात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी शिवराईच्या छापांमधील फरकांवर लिहिलेला लेख दुपारी प्रसिद्ध झाला आणि संध्याकाळच्या चहापर्यंत तो माझ्या फीड रीडरमध्ये, म्हणजे निवडलेल्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एकत्र दाखवणाऱ्या ॲपमध्ये, न वाचलेल्या लेखांच्या यादीत सर्वांत वर आला होता. एका समाजमाध्यमावरही मी त्यांना फॉलो करतो. तिथे तोच लेख मला तीन आठवड्यांनी दिसला, आणि तोही दुसऱ्या कोणीतरी पुढे पाठवला म्हणून. क्वचित पण मनापासून लिहिणाऱ्यांचे लेखन ज्यांना चुकवायचे नाही, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

आरएसएसची रचना साधी आहे. संकेतस्थळ एका ठरलेल्या पत्त्यावर ‘फीड’ नावाची एक फाइल ठेवते. तिच्यात ताज्या लेखांची शीर्षके, तारखा, दुवे आणि बहुधा सारांश किंवा संपूर्ण मजकूर असतो. आपला रीडर ठरावीक वेळाने ती फाइल तपासतो आणि नवे काही असेल तर यादीत टाकतो. १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने ही पद्धत आणली, २००२ मध्ये तिची २.० आवृत्ती आली, आणि ॲटम हे तिचे भावंड २००५ मध्ये प्रमाणित झाले. गुगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाल्यावर अनेकांनी ही पद्धत संपली असे मानले; पण पॉडकास्टचे नवे भाग आजही याच वाटेने ॲपपर्यंत पोहोचतात.

ईमेल वार्तापत्राची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. वेगळे ॲप लागत नाही, लेख आपल्याकडे कायम राहतो, आणि लेखकाला थेट उत्तर लिहिता येते. ज्यांचा दिवस ईमेलवरच चालतो आणि जे दोन-तीनच लेखकांना वाचतात, त्यांनी वार्तापत्रावरच थांबावे, असे मी सुचवेन. लेखकांची संख्या वीस झाली की मात्र विजेचे बिल, बँकेची सूचना आणि निबंध एकाच ढिगात येऊन पडतात. शिवाय आपला पत्ता द्यावा लागतो, आणि पत्र केव्हा उघडले हे पाठवणाऱ्याला कळवणारे अदृश्य चित्र अनेक वार्तापत्रांत बसवलेले असते. फीडसाठी नाव, पत्ता, क्रमांक यांतले काहीच द्यावे लागत नाही. नको झालेला स्रोत आपणच यादीतून काढतो, तेव्हा समोरच्याने विनंती मान्य करण्याची वाट पाहावी लागत नाही.

व्हॉट्सॲप चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहेत. घरातल्या ज्येष्ठांना नवे काही शिकवावे लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. पण तिथे येतो तो बहुधा एक दुवा आणि दोन ओळी, आणि विषयवार कप्पे करून सावकाश वाचण्याची सोय नसते. दिवसात दहा वेळा लिहिणारे चॅनेल सतत डोळ्यांसमोर राहते, वर्षातून चारदा लिहिणारे विस्मरणात जाते. समाजमाध्यमांत हा दोष आणखी वाढतो, कारण काय दाखवायचे हे तिथली गणिते ठरवतात.

आरएसएसच्याही मर्यादा आहेत. फेसबुक आणि इन्स्टाग्राम फीड देत नाहीत, ट्विटरने २०१३ मध्येच दार बंद केले, आणि पैसे भरून वाचायची नियतकालिके फीडमध्ये बहुधा फक्त सारांश ठेवतात. कधी शीर्षकातले एखादे चिन्ह चुकीच्या पद्धतीने लिहिले जाते आणि संपूर्ण फाइल वाचण्याजोगी राहत नाही; तो स्रोत मग गुपचूप थांबतो. म्हणून दोन महिन्यांतून एकदा रीडरमधील त्रुटींची यादी पाहावी. याउलट वर्डप्रेस आणि ब्लॉगर यांवरचे ब्लॉग, यूट्यूबचे चॅनेल, मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावरची खाती आणि रिझर्व्ह बँकेची प्रसिद्धिपत्रके या सर्वांना फीड आहे. वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजी अक्षरांत ‘फीड’ लिहिले की बहुतेक वेळा ते सापडते. अनेक रीडर तर नुसत्या मुख्य पानाच्या पत्त्यावरूनच ते शोधून काढतात. माहिती शोधताना ‘फीड रीडर’ असे लिहावे. नुसते ‘आरएसएस’ लिहिल्यास राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या बातम्या पुढे येतात.

रीडर निवडताना रंगरूपापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा आहे: फीड कोण तपासते, आपला फोन की दूरचा सर्व्हर? वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटचे १० लेखच असतात. दिवसाला पन्नास बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाची ती फाइल काही तासांत पूर्ण बदलते. अँड्रॉइडवरील ‘फीडर’ हे ॲप किंवा संगणकावरील थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम स्वतः तपासणी करतात. ते दोन दिवस बंद राहिले तर मधल्या बातम्या कधीच दिसणार नाहीत. फीडली आणि इनोरीडर या ऑनलाइन रीडरांचे सर्व्हर आपण झोपलेलो असतानाही तपासत राहतात; मात्र त्यांच्याकडे खाते काढावे लागते, आणि विनामूल्य खात्यात फीडलीवर १००, तर इनोरीडरवर १५० स्रोतांची मर्यादा आहे. क्वचित लिहिणाऱ्या तीस-चाळीस ब्लॉगांसाठी फोनवरचा रीडर पूर्ण पुरतो, कारण महिनाभर न उघडताही त्यांच्या फीडमधून काही गळत नाही. ॲपलची उपकरणे असतील तर नेटन्यूजवायर विनामूल्य आणि चांगला आहे. वर्तमानपत्रांचे फीड मी स्वतः घेत नाही. चारशे न वाचलेल्या मथळ्यांखाली शिवराईचा लेख पुन्हा दडून जातो.

निवड चुकेल याची फारशी भीती बाळगू नये. जवळजवळ प्रत्येक रीडर आपली संपूर्ण यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये देतो आणि दुसरा रीडर ती जशीच्या तशी घेतो. सुरुवातीला पाच स्रोत घालावेत, आणि त्यांत वर्षातून मोजकेच लिहिणारा एक तरी असावा.